दरडींची यादी छापता, तसा तिचा अर्थही छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी मे महिना संपत आला की तुमच्या पेपरात आमच्या भागातल्या दरडप्रवण गावांची यादी येते. कोणीतरी तिचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकतं आणि मग दोन दिवस तोच विषय असतो. ज्यांचं गाव यादीत आहे ते म्हणतात आता तलाठी नोटीस घेऊन येणार, जून लागला की शाळेत जाऊन रहा म्हणणार, आणि ज्यांचं नाही ते म्हणतात सुटलो बाबा. मी हे पत्र लिहितेय ते या "सुटलो बाबा"साठी. इर्शाळवाडीचं नाव यादीत नव्हतं साहेब. १९ जुलै २०२३ च्या रात्री आमच्याच रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या कुशीतली ती वाडी झोपेत असताना डोंगर खाली आला, २७ जणांचे मृतदेह मिळाले आणि ५७ जण शेवटपर्यंत सापडलेच नाहीत. वाडी धोक्याच्या गावांच्या यादीत नव्हती हे सरकारनेच तेव्हा विधानसभेत सांगितलं होतं. ते ऐकल्यापासून मला यादी बघितली की पोटात कसंतरी होतं.

मी पोलादपूर तालुक्यात एका वाडीवरच्या शाळेत शिकवते, बावीस वर्षं झाली, भूगोल आणि विज्ञान माझे विषय. माहेर महाड तालुक्यातलं. २००५ च्या जुलैत जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन इथे दरडी आल्या तेव्हा मी नवीन नवीन नोकरीला लागलेले, दासगावला मावशीच्या ओळखीची कितीतरी घरं होती. मग ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यात माळीण, दीडशे माणसं गेली, एसटीची गाडी नेहमीप्रमाणे गेली आणि ड्रायव्हर-कंडक्टरला गावच दिसेना, तेव्हा बाहेरच्या जगाला कळलं. मग २२ जुलै २०२१ ला आमच्या शेजारचं तळीये, ऐंशीच्या वर माणसं, आणि त्याच पावसात पोलादपुरात साखर सुतारवाडी, खेडमध्ये पोसरे, पाटणमध्ये आंबेघर आणि मिरगाव. ही सगळी नावं मला पाठ आहेत कारण वर्गात मुलं विचारतात, बाई आपल्या डोंगराचं काय? इतकी वर्षं मी "घाबरू नका रे" एवढंच म्हणायचे, दुसरं उत्तर माझ्याकडे नव्हतंच.

आता थोडंफार आहे, आणि ते कुठून आलं ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर दोन भूशास्त्रवाले आमच्या वाडीवर आले, एक मॅडम आणि त्यांच्याबरोबर एक तरुण मुलगा. खांद्याला सॅक, हातात हातोडी, गळ्यात जीपीएस. तीन दिवस फिरले. आधी लोकांना वाटलं खाणीसाठी आलेत नाहीतर धरणाचा सर्व्हे असणार, त्यामुळे कोणी नीट बोलेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं की ओढ्याची कड कुठे उघडी पडलीय का, मी चार मुलांना घेऊन त्यांना देवळामागच्या ओढ्यावर नेलं. तिथे पाण्याने काप गेलाय, माणसाच्या दीडपट उंच, आम्ही रोज बघतो तो. मॅडमनी हातोडीने वरच्या काळ्या दगडावर टकटक केलं, टणक आवाज आला, मग दाखवलं की त्या दगडाला उभ्या चिरा आहेत. बाटलीतलं पाणी वर ओतलं, ते त्या चिरांतून आत गायब. मग गुडघ्याच्या उंचीला कापात एक तांबडा पट्टा आहे तिकडे बोट दाखवलं, वीतभर जाडीचा, विटेच्या रंगाचा. त्याचा एक तुकडा काढून मुलाच्या तळहातावर ठेवला आणि वर पाणी ओतलं. पाणी तिथेच थांबलं. बोटाने चोळल्यावर तुकडा साबणासारखा बुळबुळीत झाला. मॅडम म्हणाल्या, तुमचा डोंगर असा आहे.

मला तेवढ्यात जे समजलं ते बीएड करून समजलं नव्हतं. सह्याद्री म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट एकावर एक येऊन बसलेले थर, हे पुस्तकात आहेच, आम्ही शिकवतो. पण एक लोट आल्यावर दुसरा यायला मध्ये खूप काळ जायचा, त्या काळात वरचा दगड कुजून माती व्हायची, मग नवा लोट यायचा आणि ती माती भाजून निघायची, तोच हा तांबडा पट्टा. आंबेनळी घाटातून महाबळेश्वरला जाताना रस्त्याच्या कटिंगमध्ये असे पट्टे दिसतात, कधी गेलात तर बघा. पावसाचं पाणी कातळाच्या चिरांतून खाली उतरतं, या तांबड्यावर येऊन अडतं, खाली जाता येत नाही म्हणून आडवं सरकतं आणि डोंगराच्या कुशीतून झरा होऊन बाहेर पडतं. आणि आमच्या सगळ्या वाड्या कुठे आहेत? झऱ्यापाशी. आजोबा-पणजोबांनी पाणी बघूनच घरं बांधली, बरोबरच केलं त्यांनी, बाराही महिने पाणी देणारी जागा दुसरी कुठली मिळणार. पण म्हणजे ज्या जागेवर डोंगरातलं पाणी बाहेर यायला जोर लावतं तिथेच आम्ही राहतो.

आणखी एक गोष्ट त्या मॅडमनी सांगितली ती ऐकून मी रात्री झोपले नाही. आमच्या वाडीखालची भातखाचरं आहेत ना, उतारावर मध्येच जरा सपाट आणि माती खोल असलेली जागा, सगळ्यात चांगली जमीन, ती मुळात फार जुन्या दरडीचा ढिगारा असावा असं त्यांना वाटत होतं. त्यात दगड गोल नाहीत, कोपरे असलेले, लहान-मोठे सगळे एकत्र मातीत कालवलेले. ओढ्याने आणलेले असते तर घासून गोल झाले असते. म्हणजे कधीतरी, कोणाच्याच आठवणीत नाही इतक्या आधी, वरचा डोंगर इथे येऊन पडला आणि त्या मऊ मातीवर आपण भात लावतो, घरं बांधतो. सह्याद्रीत बऱ्याच वाड्या अशाच जागेवर आहेत म्हणाल्या. एकदा आलेली दरड म्हणजे तो उतार कमजोर आहे याचं डोंगराने आपल्याला लिहून दिलेलं आहे, फक्त ते वाचता यायला हवं आणि ते लिहिलेलं वाचणारी माणसं म्हणजे हे भूशास्त्रवाले.

मुलांना समजवायला मी दिवाळीच्या किल्ल्याचं उदाहरण घेतलं. किल्ला करताना मातीत थोडं पाणी घातलं की माती छान उभी राहते, तटबंदीसुद्धा होते. मग कोणीतरी उत्साहाने तांब्याभर पाणी वरून ओततो आणि अख्खी बाजू घसरून खाली. थोड्या पाण्याने मातीचे कण एकमेकांना धरून राहतात, पण सगळ्या जागा पाण्याने भरल्या की तेच पाणी कणांना एकमेकांपासून दूर ढकलायला लागतं आणि माती आपलं वजन धरू शकत नाही. डोंगराचं तसंच. किती पाणी ते पण मुलांकडून फळ्यावर गणित करून घेतलं. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर. इर्शाळवाडीला तीन दिवसांत जवळपास ५०० मिलिमीटर पडला होता. म्हणजे एका गुंठ्यावर ५० हजार लिटर, एका एकरावर २० लाख लिटर. दहा हजार लिटरचे दोनशे टँकर एका एकरावर आणून ओतायचे, २००० टन वजन. त्यातलं बरंच ओढ्याने वाहून जातं हे खरं, पण तीन-चार दिवस पाऊस थांबलाच नाही तर जे आत मुरतं ते बाहेर पडायला वेळच मिळत नाही. मुलं फळ्याकडे बघत गप्प बसली होती. एक पोरगा म्हणाला, बाई म्हणजे शेवटच्या दिवसाचा पाऊस मोजून चालणार नाही, आधीचे दिवस पण धरायला लागतील. अगदी तेच भूशास्त्रवाले म्हणतात.

गावातले म्हातारे म्हणतात पाऊस काय पूर्वी पण पडायचा. पडायचाच, आमचा भागच तो. पण पुण्याला पाषाणला आयआयटीएम ही हवामानाचा अभ्यास करणारी संस्था आहे, तिथले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या बरोबरच्यांनी १९५० ते २०१५ चे पावसाचे आकडे तपासून २०१७ मध्ये दाखवलं की गुजरात-महाराष्ट्रापासून पूर्वेपर्यंतच्या मधल्या पट्ट्यात एकाच वेळी मोठ्या भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्यात, आणि हे पावसाळ्याचा एकूण पाऊस कमी होत असताना. अरबी समुद्र तापलाय, वाऱ्याबरोबर एकदम जास्त बाष्प येतं, हे त्याचं कारण. म्हणजे म्हाताऱ्यांचं पण खरं आणि शास्त्रज्ञांचं पण खरं, पूर्वी पंधरा दिवस रिपरिप पडायचा तोच आता दोन दिवसांत कोसळतो. आणि डोंगराला रिपरिप सोसते, हे सोसत नाही. तळीयेच्या वेळी महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तिथे विक्रम झाला, आणि सावित्री नदी उगम पावते तिथे आणि येते आमच्याकडे.

आता मूळ मुद्दा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, ज्याला जीएसआय म्हणतात, १८५१ पासूनचं खातं आहे, त्यांनी माळीण झालं त्याच २०१४ साली देशभर दरडीच्या धोक्याचा नकाशा करायचं काम हाती घेतलं आणि सव्वाचार लाख चौरस किलोमीटरच्या वर डोंगराळ भागाचा नकाशा केला. फार मोठं काम आहे, मनापासून आदर आहे. उतार किती, दगड कुठला, माती किती खोल, जंगल आहे का शेती, ओढे कुठून जातात, जुन्या दरडी कुठे आल्या, हे सगळं एकत्र करून कुठे जास्त, कुठे मध्यम, कुठे कमी धोका ते रंगाने दाखवलंय. पण तो नकाशा ५० हजाराला एक या मापाचा आहे. नकाशावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर. आमची वाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत दीडशे मीटर, नकाशावर ३ मिलिमीटर, तांदळाच्या दाण्याएवढी पण नाही. त्यावरून माझं घर लाल रंगात आहे का पिवळ्यात हे कसं कळणार? ते कळावं म्हणून तो केलेलाच नाही, तो कुठे जवळून बघायला जायचं हे ठरवायला आहे. पुढची पायरी १० हजाराला एक मापाचा नकाशा, आणि त्याच्या पुढे प्रत्यक्ष त्या उतारावर जाऊन बघणं. मोठा नकाशा हातात आला की यादी तयार होते, यादी पेपरात येते, आणि लोकांना वाटतं झालं काम, पण खरं काम तिथून पुढे सुरू व्हायला पाहिजे.

त्यात आणखी एक गुंता आहे, यादीत नाव असतं महसुली गावाचं. आमच्या एका महसुली गावात सात वाड्या, एक नदीजवळ, एक पार वरती कड्याखाली, मधल्या इकडेतिकडे. गाव यादीत आलं तर सातही वाड्यांना नोटीस, नदीजवळचे म्हणतात आमच्याकडे डोंगरच नाही तर कशाला जाऊ, आणि हळूहळू सगळेच नोटीस मनावर घेईनासे होतात. आणि गाव यादीत नसलं तर कड्याखालच्या वाडीला कोणी विचारत नाही. डोंगर कोसळतो वाडीवर, कागद निघतो गावावर.

त्या दोघांनी अभ्यास करून दिलेला रिपोर्ट नंतर एका सरकारी कार्यालयात आला, आणि आठ महिने तिथल्या कपाटात होता. मुद्दाम कोणी दडवला असं मी म्हणत नाही, पण तो इंग्रजीत, चाळीस पानांचा, आणि पुढे तो कोणाला द्यायचा हे कोणाला ठाऊक नव्हतं. मला मिळाला तो माझ्या भाच्याच्या खटपटीमुळे, तो पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. सरपंचांना मी दाखवला, त्यांनी एकच ओळ विचारली, धोका किती लिहिलाय? लिहिलेलं होतं मॉडरेट. सरपंच म्हणाले मग बरंय, मध्यमच आहे. पण खाली पुढे लिहिलं होतं की वाडीच्या वर पाण्याचा निचरा नीट केला नाही आणि उताराचा पाया तोडला तर धोका वाढेल, आणि त्याच उन्हाळ्यात रस्त्यासाठी जेसीबीने उताराचा पाया तोडून झाला होता. दहा फूट उभा काप, संरक्षक भिंत नाही, निघालेली माती खालच्या ओढ्यात ढकललेली. रिपोर्ट महिन्याभरात ग्रामपंचायतीत आला असता तर तो काप थांबवता आला असता किंवा निदान भिंत मागता आली असती. यावर मला राग आहे, आणि तो मी इथे लपवणार नाही.

मग मी आणि भाचा दोघांनी बसून चार रात्रीत त्याचं मराठी केलं, चाळीस पानांची सहा पानं केली, आणि मॅडमना फोन करून चुका तपासून घेतल्या. ग्रामसभेत वाचलं. सुरुवातीला कोणी ऐकेना, थरांची दिशा वगैरे म्हटलं की लोक उठून बाहेर जायचे. पण धोक्याच्या खुणा वाचायला लागले तेव्हा सगळे थांबले. जमिनीला उताराला आडव्या भेगा पडणं, झाडं किंवा विजेचे खांब कलणं, घराची दारं-खिडक्या अचानक घट्ट व्हायला लागणं, झऱ्याचं पाणी गढूळ होणं, नवीन जागेवरून पाणी फुटणं, भर पावसात ओढ्याचं पाणी एकदम कमी होणं, कारण वरती कुठेतरी मातीने अडलंय. झऱ्याचं वाचलं तेव्हा मागे बसलेली एक आजी उभी राहिली. म्हणाली, अगं बाय, आमचा झरा एकवीस सालच्या पावसात हलला ना. देवळाच्या मागनं यायचा तो आता पायवाटेच्या खालनं येतो, मी पाण्याला जाते ना रोज, मला नाय ठाव तर कोणाला?

चाळीस पानांच्या रिपोर्टात हे कुठेच नव्हतं. कारण त्या तीन दिवसांत आजीला कोणी विचारलं नाही आणि तिला वाटलं नाही की हे सांगण्यासारखं काही आहे. मी त्याच रात्री मॅडमना फोन केला, त्यांनी दहा प्रश्न विचारले, फोटो मागवले, आणि पुढच्या रविवारी स्वतःच्या खर्चाने आल्या. देवळाच्या वर झाडीत एक भेग मिळाली, पालापाचोळ्याने झाकलेली, बोटभर रुंद. त्यांनी आम्हाला दोन गोष्टी करायला सांगितल्या. भेगेत चिकणमाती दाबून भरा म्हणजे पावसाचं पाणी सरळ आत जाणार नाही, आणि भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक लोखंडी खुंटी ठोका, खुंट्यांमधलं अंतर टेपने मोजून वहीत लिहा, पावसाळ्यात रोज. अंतर वाढलं तर कोणाला विचारत बसायचं नाही, वाडी खाली करायची. याला काही लाख रुपयांचं मशीन लागत नाही. मोठ्या संस्था असलंच मापन सेन्सरने करतात, तत्त्व तेच.

पावसाचं पण तसंच. आमच्या महसूल मंडळाचं पर्जन्यमापक आहे ते खाली बाजारपेठेच्या गावात. जिल्ह्याला रेड अलर्ट म्हणजे उरणपासून पोलादपूरपर्यंत सगळ्यांना एकच, आणि डोंगरात एका खोऱ्यात कोसळतो तेव्हा शेजारच्या खोऱ्यात नुसता भुरभुरतो हे इथल्या प्रत्येकाला माहिती आहे. म्हणून शाळेत साधं पर्जन्यमापक बसवलं, मुलं सकाळी साडेआठला मोजतात, वेधशाळेची वेळ हीच असते म्हणून. कितीतरी दिवस आमचा आकडा आणि मंडळाचा आकडा जुळत नाही, एकदा दुपटीहून जास्त फरक होता. केरळात वायनाडला कल्पेट्टाचं ह्यूम सेंटर, पर्यावरणाचा अभ्यास करणारी संस्था, हेच मोठ्या प्रमाणावर करतं, दोनशेच्या वर ठिकाणी पाऊस मोजतात, शेतकरी आणि मळ्यातले लोक आकडे पाठवतात. २०२० साली तिथल्या मुंडक्कई गावातून लोकांना त्यांच्या आकड्यांवरून आधीच हलवलं होतं. २०२४ ला पण त्यांनी आदल्या दिवशी इशारा दिला होता, पण सगळी माणसं हलली नाहीत आणि ३० जुलैच्या पहाटे मुंडक्कई आणि चूरलमला वाहून गेलं, अडीचशेच्या वर जीव गेले. ३० जुलै, माळीणची तारीख, बरोबर दहा वर्षांनी. शास्त्र बरोबर असणं आणि माणूस अंधारात, पावसात, म्हशी सोडून घराबाहेर पडणं यामध्ये खूप मोठं अंतर आहे, ते अंतर कमी करणारं कोणीतरी गावातलंच लागतं, ज्याच्या शब्दावर लोकांचा विश्वास आहे.

लोक मला विचारतात की एवढे शास्त्रज्ञ आहेत तर मग दरड कधी येणार ते तारीख-वार सांगत का नाहीत. भूकंपाचं पण असंच विचारतात. माझी आई ११ डिसेंबर १९६७ ची पहाट अजून सांगते, कोयनेचा भूकंप, फळीवरची सगळी भांडी खाली आणि आजोबा सगळ्यांना खळ्यात घेऊन बसलेले. तो भूकंप कधी येणार हे तेव्हा सांगता आलं नाही आणि आजही सांगता येत नाही. पण त्यानंतर हैदराबादच्या एनजीआरआय या पृथ्वीचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने, मग कराडला झालेल्या प्रयोगशाळेने इतकी वर्षं तिथे पाळत ठेवलीय, कोयना भागातल्या गोठण्याला ३ किलोमीटर खोल भोक पाडून खालचा दगड वर काढून बघितलाय, सव्वा किलोमीटरपर्यंत आपला काळा पाषाण आणि त्याच्या खाली ग्रॅनाइट. धरणातल्या पाण्याचा आणि तिथल्या धक्क्यांचा संबंध आहे हे आता पक्कं झालंय, आणि धक्के साधारण ३० बाय २० किलोमीटरच्याच पट्ट्यात येतात हे पण. याचा उपयोग काय? कुठल्या भागात घरं कशी बांधायची हे ठरवता येतं. कधी ते नाही सांगता आलं तरी कुठे आणि का हे सांगता आलं तर माणसं वाचतात. आणि दरडीचं तर भूकंपापेक्षा बरंच बरं आहे, कारण दरडीच्या आधी पाऊस येतो आणि पाऊस मोजता येतो.

कोलकात्याला जीएसआयने १९ जुलै २०२४ ला दरडींचा अंदाज देणारं राष्ट्रीय केंद्र सुरू केलं, इर्शाळवाडीला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी. सुरुवात दार्जिलिंग, कालिम्पाँग आणि निलगिरीपासून झाली. सह्याद्रीतल्या तालुक्यांना वाडीपर्यंत पोचणारा असा अंदाज रोज मराठीत मिळायला पाहिजे, तुमच्या पेपराने ही मागणी लावून धरावी अशी माझी विनंती आहे. आणि ३० जुलै २०२५ ला इस्रो आणि नासाचा निसार उपग्रह श्रीहरिकोट्याहून गेला. मी वर्गात मोबाईलवर मुलांना दाखवला, लाँच संध्याकाळी होतं तरी मुलं थांबली होती. तो दर १२ दिवसांनी त्याच जागेवरून रडार टाकून जमीन किती सरकली ते सेंटिमीटरमध्ये मोजू शकतो, आणि त्याचं एक रडार झाडीच्या आतून जमिनीपर्यंत पोचतं. आमच्यासारख्या दाट झाडीच्या डोंगराला हे किती महत्त्वाचं आहे ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण तो जे बघेल ते कुठल्या तरी कपाटात आठ महिने राहिलं तर?

२०११ ला माधव गाडगीळ समितीने पश्चिम घाटाचा अहवाल दिला तेव्हाच म्हटलं होतं की हा अहवाल लोकांच्या भाषेत ग्रामसभांपुढे ठेवा आणि त्यांचं म्हणणं ऐका. अहवालाच्या बाजूने आणि विरोधात खूप भांडणं झाली, त्यात मी पडत नाही, पण हे एक वाक्य तरी सगळ्यांनी मान्य करायला हरकत नव्हती.

तर साहेब, येत्या मे महिन्यात यादी छापाल तेव्हा एवढं करा. गावाच्या नावापुढे कुठली वाडी तेही छापा, ते मागितल्याशिवाय मिळणार नाही म्हणून तुमच्या वार्ताहराला मागायला लावा. यादीच्या शेजारी मोठ्या अक्षरात दोन ओळी टाका की यादीत नाव नाही याचा अर्थ फक्त एवढाच की तिथे अजून कोणी जवळून बघितलेलं नाही किंवा बघून धोका कमी वाटला, आणि या दोन्हीतलं नक्की कुठलं तेही सांगा. धोक्याच्या खुणांचं एक चौकटीतलं पान द्या जे कापून भिंतीवर लावता येईल, लोक पंचांग लावतात तसं. आणि जून ते सप्टेंबर रोज तालुक्यातल्या प्रत्येक मंडळाचा मागच्या २४ तासांचा आणि मागच्या तीन दिवसांचा एकूण पाऊस छापा, सोन्याचा भाव छापता तेवढ्याच जागेत मावेल. ज्या शाळा पाऊस मोजतात त्यांचे आकडे पण घ्या, आमच्यासारख्या आणखी पाच-सहा शाळा या खोऱ्यात तयार आहेत, मी बोलले आहे त्यांच्याशी. आमदार-खासदारांकडे मागायचं ते मी वेगळं मागते आहे, म्हणजे रिपोर्ट आल्यापासून महिन्याच्या आत त्याचं मराठी ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लागलं पाहिजे आणि रस्त्यासाठी उतार तोडायच्या आधी तो रिपोर्ट बघितल्याची सही पाहिजे.

सोबत आमच्या वहीच्या पानांचे फोटो जोडलेत. डावीकडे पाऊस, उजवीकडे खुंट्यांमधलं अंतर. अक्षर सातवीच्या मुलांचं आहे, एका पानावर पाण्याचे डाग पडलेत तिथले आकडे खाली मी पुन्हा लिहिलेत. अंतर आतापर्यंत वाढलेलं नाही.

आपली,
पोलादपूर तालुक्यातली एक शिक्षिका
जि. रायगड